डावरा देवदूत

लोक घरात काय काय टांगतात हे ज्याला बघायचं असेल, त्याने अॅक्रिलिकवर चित्रं छापणाऱ्या कारखान्यात वर्षभर नोकरी करावी. बाईंनी अकरा वर्षं केली होती. माणसांविषयीचं त्यांचं मत त्या अकरा वर्षांत जे खाली आलं ते पुन्हा वर चढलं नाही.

त्याआधी बावीस वर्षं त्या शाळेत चित्रकला शिकवत होत्या. शाळेने एक दिवस चित्रकलेचा तास काढून तिथे संगणकाचा तास घातला, आणि बाई इथे आल्या. 'बाई' हे नाव तेवढं शाळेतून बरोबर आलं. इथलं त्यांचं काम म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीच्या थोर चित्रकारांची चित्रं संगणकावर घ्यायची, गिऱ्हाइकाच्या भिंतीच्या मापात बसवायची, रंग नीट करायचे आणि छापायला सोडायची. भिंतीच्या मापात बसवायची, हे त्यातलं महापाप. सोफा सात फुटी असला की चित्र सात फुटी हवं. मग चित्रकाराने ते उभं का काढलं होतं, याच्याशी कुणाला काडीचं देणंघेणं नसे.

एकाने शेवटच्या जेवणाचं चित्र मागवलं आणि म्हणाला, "आमच्या भिंतीवर तेरा माणसं मावत नाहीत, दोन कमी करा." कुठले दोन, असं बाईंनी विचारलं, तर म्हणाला, "ते तुम्हीच ठरवा, तुम्हाला त्यातलं कळतं." एका बाईला संताच्या टेबलावरची कवटी नको होती, तिथे फळं चालली असती. एका डॉक्टरने लाल झगा पडद्याच्या रंगाचा करून मागितला. आणि प्रत्येक जण, अगदी प्रत्येक जण शेवटी एकच प्रश्न विचारायचा, "ओल्या फडक्याने पुसता येतं ना?" येतं, बाई सांगायच्या. चित्राचा तेवढा एकच गुण या लोकांना कळतो, हे त्या मनात म्हणायच्या, आणि पुष्कळदा तोंडावरही. मालक कपाळाला हात लावायचे, पण बाईंना काढायचे नाहीत, कारण बाईंची नजर. कारखान्यात सगळे म्हणायचे, बाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. बाईंनाही ते पटलेलं होतं.

या धंद्यातली खुबी अशी, की चित्र पारदर्शक शीटच्या पाठीवर छापतात. बघणारा समोरून, शीटच्या आरपार बघतो. त्यामुळेच ते ओलं दिसतं आणि लोकांना वाटतं आपल्याकडे काहीतरी भारी आलं. म्हणून छापण्याआधी चित्र आरशात दिसतं तसं उलटं करावं लागतं. पाठीवर उलटं छापलं की समोरून सुलटं दिसतं. प्रत्येक कामाच्या कागदावर 'उलट केले' असा एक चौकोन असे, आणि त्यात बाईंची खूण पडल्याशिवाय मशीन चालत नसे. अकरा वर्षांत त्या चौकोनात एकदाही चूक झालेली नव्हती.

एका दुपारी डबा खायच्या वेळेला बाईंची धाकटी बहीण कारखान्यात आली. धाकटीचं लग्न चांगल्या घरात झालेलं, फ्लॅट सातव्या मजल्यावर, आणि वडील तिच्याकडे राहत. बाईंच्या मते धाकटीला आयुष्यात एकच गोष्ट मनापासून जमली होती, ती म्हणजे खरेदी.

"ताई, बाबांच्या चित्राचं काहीतरी करायला हवं गं," धाकटी म्हणाली.

बाईंनी घास खाली ठेवला.

बाबा म्हणजे नाटकाचे पडदे रंगवणारे. जंगल, राजवाडा, रस्ता, तुरुंग, सांगाल ते. पण आयुष्यात एकच चित्र त्यांनी स्वतःसाठी काढलं होतं, कॅनव्हासवर, चार फूट रुंद. एक तरुण मुलगी पुस्तक वाचत बसलेली आणि तिला मूल होणार ही बातमी द्यायला आलेला देवदूत. मूळ चित्र त्यांनी शाळेतल्या एका जुन्या स्लाइडवरून घेतलं होतं. स्लाइडवरची चिठ्ठी फाटलेली, चित्रकार कोण ते ठाऊक नाही. पण बाईंचं सगळं शहाणपण त्या चित्रापाशी सुरू झालं होतं. त्यातला देवदूत उजवीकडून येतो आणि डाव्या हाताने आशीर्वाद देतो. पुढे शिकताना बाईंनी पुस्तकांत अशी पन्नास चित्रं पाहिली. सगळ्यांतले देवदूत डावीकडून येणारे आणि उजवा हात वर केलेले. बाईंचा निष्कर्ष तयार होता. बाकीचे चित्रकार मेंढरं, एकामागून एक चालणारी. हा एकटा निनावी माणूस खरा, त्याने धाडस केलं. हे त्यांनी बावीस वर्षं वर्गात शिकवलं.

आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी वर्गात कधी सांगितली नाही. बाई डावऱ्या. लहानपणी शाळेत त्या हातावर पट्टी बसायची. वळ घेऊन घरी आल्या की बाबा त्यांना चित्रासमोर उभं करायचे आणि म्हणायचे, "बघ, देवदूतसुद्धा डावराच आहे. त्याला कोण मारतंय?" मग दुसऱ्या दिवशी पट्टी बसली तरी सात वर्षांची ती पोर मनात म्हणायची, मार, तुला काय कळतंय. तुच्छतेचा पहिला धडा बाईंनी तिथे गिरवला, आणि तो त्यांना जन्मभर पुरला.

"काय करायला हवं?" त्यांनी विचारलं.

"नवीन सोफा आलाय. करड्या रंगाचा. त्याच्यावर ते काळपट दिसतं. मी म्हटलं, ते माळ्यावर ठेवू आणि त्याचंच तुमच्याकडचं चकचकीत करून लावू. हे बघ, मला एका कंपनीच्या यादीत सापडलंसुद्धा."

तिने फोन पुढे केला. बाईंनी चष्मा लावायची तसदी घेतली नाही.

"सोफा परत कर."

"ताई!"

"बाबांनी तीन महिने खपून काढलेलं चित्र माळ्यावर, आणि तिथे हे पुसायचं प्लास्टिक? ते रोज त्याच्यासमोर बसतात. काय वाटेल त्यांना? तुला लाज कशी वाटत नाही गं?"

धाकटी गप्प राहिली. ती अशीच गप्प राहायची, आणि बाई त्याचा अर्थ तिला उत्तर सुचत नाही असा घ्यायच्या. मग बाईंच्याच डोक्यात एक कल्पना आली. ओरडून काही होणार नव्हतं, घर तिचं, भिंत तिची. दोन्ही शेजारी शेजारी लागली तर मात्र आंधळ्यालाही फरक दिसला असता.

"करून देते," त्या म्हणाल्या. "पण आधी बाबांच्या चित्राशेजारी लावायचं. बाबांना समोर बसवायचं. ते म्हणतील ते चित्र भिंतीवर राहील, दुसरं निघेल."

"बाबा म्हणतील ते?"

"हो."

"नक्की? मग बदलायचं नाही हं," धाकटी म्हणाली, आणि इतक्या झटकन तयार झाली की बाईंना तिची कीव आली.

फाइल दुसऱ्या दिवशी आली. मुलगी, पुस्तक, खिडकी, देवदूत, सगळं तेच. फक्त देवदूत डावीकडे होता. बाईंनी एकदा पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. आपल्याच धंद्यातल्या कुणा दीडशहाण्याने छापण्यासाठी फाइल उलटी केली असणार आणि तशीच विकायला ठेवली असणार. जगभर लोक ती विकत घेत असतील, आणि पुन्हा उलटी करून छापत असतील, की तशीच? कुणाच्याही लक्षात आलं नसणार. पुस्तकातल्या अक्षरांवरून तरी कळावं म्हणून त्यांनी ती मोठी करून पाहिली, पण चित्रकाराने अक्षरांच्या जागी नुसत्या काळ्या रेघा ओढल्या होत्या. बाईंना अक्षरांची गरजही नव्हती. त्या या चित्रासमोर लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. फाइल उलटीच आहे म्हटल्यावर पुन्हा उलटी करायचं कारण नव्हतं. त्यांनी 'उलट केले'चा चौकोन रिकामा सोडला, खाली सही केली आणि काम पुढे सरकवलं.

कागद परत आला तो बोल्टच्या हातातून. बोल्ट म्हणजे पॅनेल भिंतीवर बसवणारा फिटर. पन्नाशीचा, टकला, तोंडात कायम दोन स्क्रू धरलेले, त्यामुळे बोलणं कमी.

"बाई, इथे खूण राहिली," स्क्रू बाहेर काढून तो म्हणाला.

"राहिली नाही. केली नाही. फाइल आधीच उलटी आलीये."

"मशीनवर पाहिली मी. मला सुलटी वाटली."

"तुला?"

"देवदूत उजव्या हाताने आशीर्वाद देतोय ना? अशी चित्रं मी पाच-सहा घरांत लावलीत. सगळे उजव्या हातानेच देतात."

मशीनवरचे दोघे वळून बघायला लागले. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"तू त्यांना चार चार भोकं पाडलीस," त्या म्हणाल्या. "भोकांतून चित्र कळत नाही. तू आपले स्क्रू मोज."

बोल्टने स्क्रू पुन्हा तोंडात धरले आणि तो गेला. पॅनेल छापलं गेलं. पाठीवर पांढरा थर बसला, कडा घासून चकचकीत झाल्या, आणि समोरून पाहिलं तर देवदूत उजवीकडे आला होता, डावा हात वर. बाईंनी समाधानाने मान हलवली.

सुट्टीच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास बोल्टने धाकटीच्या हॉलमध्ये भिंतीला चार भोकं पाडली. बाबांचं चित्र डाव्या अंगाला, पॅनेल उजव्या अंगाला, खाली तो करडा सोफा. बाबा समोर खुर्चीत. चौऱ्याऐंशी वर्षांचे, अंगाने वाळलेले, पण दोन महिन्यांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून नजर एकदम लख्ख झालेली. घरातली कोळिष्टकं तेच दाखवायचे. धाकटी चहा देऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. पॅनेलवरची पातळ फिल्म बोल्टने एका कोपऱ्यातून धरली आणि सरसर ओढून काढली.

"घ्या!" बाई म्हणाल्या. "बघा, बाबा. देवदूताच्या पोटात ट्यूबलाइट. मुलीच्या मांडीवर तुमची खुर्ची. तिच्या गालाला कशी रिकाम्या बशीची चमक आलीये बघा. आणि हे तुमचं. कुठे काही चमकत नाही, पण तिच्या बोटाखाली पुस्तकाचं पान दबलंय ते दिसतं. आता सांगा हिला, कुठलं काढायचं."

बाबांनी पॅनेलकडे पाहिलं, मग दाराकडे, धाकटीकडे. धाकटीने खांदे उडवले. बाबा काठी टेकत उठले, पॅनेलपाशी गेले आणि देवदूताच्या हाताशी बोट नेलं.

"हा पण डावराच?"

"म्हणजे काय? तुमच्यासारखाच आहे ना."

"उलटं छापलंस."

"बाबा, फाइल उलटी होती. मी बरोबर केली. तुमच्या चित्राशी लावून बघा."

"माझं उलटं आहे," बाबा म्हणाले.

स्टुलावर उभा असलेला बोल्ट भिंतीकडे तोंड करून काहीतरी पिळत राहिला.

बाबा परत येऊन खुर्चीत बसले आणि सांगायला लागले. फार काही नव्हतं त्यात. खोलीच्या खिडक्या कापडाने बंद करून त्यांनी कॅनव्हासवर प्रोजेक्टरने स्लाइड पाडली होती आणि आकार आखून घेतले होते. स्लाइड मशीनमध्ये उलटी बसली होती. चिठ्ठी फाटलेली, सरळ बाजू कुठली ते कळायला मार्ग नव्हता. चित्र पुरं झालं, आईने ते कौतुकाने हॉलमध्ये लावलं, आणि वर्षभराने एका वाचनालयात जुन्या पुस्तकात त्यांना तेच चित्र दिसलं. देवदूत डावीकडे, उजवा हात वर. सगळे काढतात तसं.

"काढून टाकणार होतो तेव्हाच. घरी आलो तर तू चित्रासमोर उभी. हातावर वळ. म्हटलं, आता हिला काय सांगू? तोंडाला आलं ते बोललो. देवदूत डावरा आहे म्हणून."

बाईंनी नकळत डावा हात मुठीत मिटला होता. त्यांना राग आला होता, आणि तो नेमका कुणावर काढावा ते कळत नव्हतं. बावीस वर्षांचे वर्गांमागून वर्ग त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले. निनावी माणसाचं धाडस! त्यांनी मुलांना वहीत लिहून घ्यायला लावलं होतं ते.

"तुम्ही माझ्याशी खोटं बोललात," त्या म्हणाल्या.

"बोललो. पट्टी मारणाऱ्या मास्तराशी भांडायची हिंमत नव्हती माझ्यात. एवढंच करता आलं."

"मग नंतर सांगायचं. मी मोठी झाले, शिकले..."

"शिकलीस म्हणून वाटलं, तुझं तुला कळलं असेल. कळून गप्प असशील." बाबांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "ऑपरेशनआधी धूसर दिसायचं, चाललं. आता रोज चहा पिताना तो हात बरोबर डोळ्यात येतो. किती दिवस राहिलेत माझे? एकदा ते चित्र त्या माणसाने काढलं तसं समोर असावं, इतकंच वाटत होतं. हिला म्हटलं, तेवढं कर."

"मग मला सरळ सांगायचं होतंत!"

"तुला?" बाबा हसले. हसण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "तुला कोण काय सांगणार, बाई?"

मुलीला ते जन्मात कधी बाई म्हणाले नव्हते. बाईंनी दाराकडे पाहिलं. धाकटीच्या हातात अजून चहाचा ट्रे होता.

"आणि तू? सोफा?"

"सोफा हेच कारण बरं वाटलं," धाकटी म्हणाली. "माझ्याबद्दल असलं काही तुला लगेच पटतं, ताई."

बाईंना लाज वाटली. धाकटीला वाटायला हवी म्हणून कारखान्यात सगळ्यांदेखत बजावली होती तीच, आणि ती इतकी वर्षं त्यांनी दुसऱ्यांनाच वाटून टाकली होती की स्वतःवर आल्यावर कशी सोसतात हेही त्यांना ठाऊक नव्हतं. बोल्ट स्टुलावरून उतरला. तो काही म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो फक्त पाना घेऊन उभा राहिला.

"दोन्ही काढ," बाई त्याला म्हणाल्या. "भोकं तीच राहू दे. नवीन चार दिवसांत लावू. सुलटं."

"हे माळ्यावर ठेवू?" धाकटीने बाबांच्या चित्राला हात लावून विचारलं.

"नाही. मी नेते."

बाबांनी मान डोलावली आणि गार झालेला चहा उचलला. त्यांना बरं वाटलेलं दिसत होतं, ते लपवायची त्यांनी खटपटही केली नाही.

पॅनेल मागाहून न्यायचं ठरलं. कॅनव्हास घेऊन बाई आणि बोल्ट लिफ्टमध्ये शिरले. लिफ्ट अरुंद होती, मागची सगळी भिंत आरशाची. दाराला रंग घासू नये म्हणून बोल्टने चित्राचं तोंड आरशाकडे केलं आणि एक कड त्याने, एक बाईंनी धरली.

"उद्या ती फाइल परत लावायची," बाई दाराकडे बघत म्हणाल्या. "आधी तू बघ. मग मी चौकोनात खूण करते."

बोल्टने तोंडातले स्क्रू काढून खिशात टाकले. "बाई," तो म्हणाला, "आरशात बघा."

बाईंनी मान वळवली. आरशात देवदूत डावीकडून येत होता. उजवा हात वर. त्याच्या बाहीवरची ती जुनी भेग, मुलीच्या बोटाखाली दबलेलं पान, मळकट झालेलं आकाश, सगळं बाबांच्या हातचं, आणि सगळं जिथल्या तिथे. इतकी वर्षं त्या चित्रासमोर उभ्या राहिल्या होत्या, आणि ते चित्र त्यांनी पाहिलंच नव्हतं. शेजारी आरशात एक साठीला टेकलेली बाई चौकट धरून उभी होती. तिचा डावा हातही आरशात उजवा झाला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि ती रडायला लागली. बोल्ट लिफ्टच्या छताकडे बघत राहिला.

तळमजला आला, दार उघडलं. बाहेर पिशव्या घेऊन एक गृहस्थ उभे होते.

"येताय ना बाहेर?" त्यांनी विचारलं.

"नाही," बाई नाक पुसत खेकसल्या. "दिसत नाही का तुम्हाला? बघतोय आम्ही." आणि डाव्या हाताने त्यांनी पुन्हा सातव्या मजल्याचं बटण दाबलं.